गटाला धुरा हवा

पत्र थोडक्यात

(ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, काही तपशील बदलले आहेत.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशा स्वयंसेविकेचं हे पत्र. शिक्षण बारावी. गृहभेटीला गेलं की बाया ओसरीत थांबवून मनातलं सांगायच्या. एकेकीला वेळ पुरेना, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी दर गुरुवारी जेवणं उरकल्यावर सगळ्यांना अंगणवाडीच्या खोलीत एकत्र बसवायला सुरुवात केली. कधी सात-आठ येतात, कधी सोळा-सतरा. नवरा गेलेल्या दोघी आहेत, मूलबाळ नाही म्हणून टोमणे खाणारी एक सून आहे आणि दारूड्या नवऱ्याला कंटाळलेल्या तर निम्म्याहून जास्त. मग एका गुरुवारी एकीने रडत सांगितलं, की नवरा पिऊन मारतो आणि माहेरहून आणलेले थोडे पैसे तिने त्याच्यापासून लपवून ठेवलेत. चार दिवसांत ही गोष्ट पिठाच्या गिरणीवर पोचली आणि तिथून सासूच्या कानावर. पैसे गेले, वरून मार पडला. तिचा दीर ताईंच्या दारात येऊन 'घरं फोडायचे धंदे बंद करा' म्हणून ओरडून गेला. ताईंचे यजमान म्हणतात, बंद कर. गावातल्या एक वजनदार बाई म्हणतात, त्यापेक्षा भजनी मंडळ काढा. ताई लिहितात: "माझ्याजवळ ना डिग्री, ना ट्रेनिंग. एक बाई सगळा वेळ बोलते, एक तोंडच उघडत नाही. कोणाले काय सांगावं ते समजत नाही. घरी आल्यावर मलेच झोप येत नाही. मी लोकांच्या मनाशी खेळून राहिली काय? गट बंद करू का?"

उत्तर

ताई, नमस्कार.

गटाचं काय करायचं ते बोलूच, पण आधी ती बाई. तुमच्या पत्रात तिच्यावर दोनच ओळी आहेत आणि दिरावर पानभर. मी समजू शकते, दारात येऊन कोणी ओरडलं की माणूस हादरतो. तरी या सगळ्यात सर्वांत जास्त तिचं गेलं आहे. तुम्ही आशा आहात, लेकराचं वजन, गोळ्या, लसीकरण अशा कितीतरी निमित्तांनी तुम्ही तिच्या घरी सहज जाऊ शकता. एकटी भेटेल अशी वेळ साधा आणि सरळ सांगा, की गटात बोललेलं बाहेर गेलं, यात तिची चूक नव्हती. मग विचारा, आता मार कितपत आहे, रात्री-बेरात्री निघावं लागलं तर कोणाकडे जाशील. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर तिला तोंडपाठ करून द्या, कागदावर लिहून देऊ नका. घरगुती हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, ते कुठे बसतात हे अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांना विचारून ठेवा. मात्र तिला न विचारता तिच्या वतीने तक्रार करू नका. तिचं एक गुपित तिच्या मर्जीशिवाय आधीच बाहेर गेलं आहे, पुढचं पाऊल तिच्याच मर्जीने पडू द्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "जीव द्यावासा वाटतो काय?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून पुष्कळ जणींना पहिल्यांदा बोलता येतं. ती 'हो' म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलि-मानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा प्रश्न. 'मी मनाशी खेळतेय का' असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की बायांना एकत्र बसवून बोलतं करणं हा मुळात डॉक्टरांचा प्रांत आणि तुम्ही त्यात घुसलात. या कामाचा इतिहास पाहिला तर चित्र वेगळं दिसतं.

१९०५ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर होते. ते मनाचे डॉक्टर नव्हते, क्षयरोगाचे रुग्ण पाहायचे. त्या काळी क्षयावर गुण येईल असं औषधच नव्हतं, ते पुढे चाळीसेक वर्षांनी सापडलं. हवेशीर आरोग्यधामात जाऊन पडणं हाच काय तो उपाय आणि तो पैसेवाल्यांना परवडायचा. प्रॅट यांनी गरीब रुग्णांचा आठवड्याला एक वर्ग सुरू केला. मोकळ्या हवेत किती झोपलात, काय खाल्लंत, ताप किती होता, हे प्रत्येकाने वहीत लिहून आणायचं. वर्गात वजन व्हायचं. घरी भेट द्यायलाही एक बाई जायच्या, अगदी तुमच्यासारख्या. हेतू साधा होता, सगळ्यांना एकदम माहिती देता यावी आणि वेळ वाचावा. पण प्रॅट यांच्या लक्षात आलं, की ज्याचं वजन वाढलं त्याला पाहून बाकीच्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो. वेगवेगळ्या जातीधर्माची, देशांची माणसं एका दुखण्यामुळे एकमेकांची झाली होती. गटाने उपचार करण्याची सुरुवात सांगताना बहुतेक जण इथूनच सांगतात.

दुसरी गोष्ट तुमच्या आणखी जवळची आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी व्हिएन्नात याकोब मोरेनो हा तरुण वैद्यकीचं शिकत होता. शहरातल्या वेश्यांना पोलीस छळत, डॉक्टर दारात उभं करत नसत. एक डॉक्टर आणि एक पत्रकार सोबत घेऊन मोरेनो यांनी त्यांचे आठ-दहा जणींचे गट बसवले, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यांनीच लिहून ठेवलंय, की सुरुवातीला बोलणं रोजच्या कटकटींचं असायचं: अटक, आजारपण, लेकराचं काय करायचं. हळूहळू त्या बाया आतलं बोलू लागल्या आणि त्यांना दिसलं, की यातली प्रत्येक बाई दुसरीला बरं करण्याच्या कामी येऊ शकते. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९३२च्या सुमारास याच मोरेनोंनी 'गट उपचार' हे नाव रूढ केलं.

ताई, तुमच्या गुरुवारी 'बाया हलक्या होऊन जायच्या' असं तुम्ही लिहिलंय, ते हेच आहे. त्याला खेळ म्हणू नका.

डिग्रीचंही ऐका. युगांडा देशाच्या नैऋत्य भागातल्या ३० खेड्यांत एक अभ्यास झाला, २००३ साली तो प्रसिद्ध झाला. तीही शेतकऱ्यांचीच गावं. त्यातल्या काही गावांत उदासीनतेने (म्हणजे डिप्रेशनने) खचलेल्या माणसांचे छोटे गट केले, बायांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. गट चालवणारी माणसं त्याच भागातली, मानसोपचाराची पदवी नसलेली. दर आठवड्याला दीड तास, असे १६ आठवडे. सुरुवातीला त्या गावांतल्या निवडलेल्या माणसांपैकी ८६ टक्क्यांना पक्की उदासीनता होती, शेवटी ६.५ टक्क्यांना उरली. जिथे गट नव्हते तिथेही काळाबरोबर काही जण सावरले, पण तिथे ९४ वरून ५४.७ टक्क्यांपर्यंतच उतरलं. फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे. आणि लांब कशाला जा, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, तोही गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या बळावर. उदासीनतेचा त्रास असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणजे बारावी शिकलेली बाई हे काम करू शकते. पण युगांडातल्या त्या माणसांजवळ तीन गोष्टी होत्या: कामाला लागण्याआधी दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, ठरलेली पद्धत, आणि अडलं की विचारायला वरचं माणूस. तुमच्याजवळ यातलं एकही नव्हतं. तुमच्या गटात जे बिघडलं ते इथे बिघडलं. वावराला धुरा, म्हणजे बांध, नसला की कोणाचंही ढोर शिरतं, त्यात पिकाचा दोष नसतो.

धुरा घालायचा तर आधी आपलं वावर कोणतं ते ठरवावं लागेल, कारण तुमच्या पत्रावरून दिसतं की एकाच गुरुवारी चार प्रकारचे गट एकत्र चालले आहेत. एक असतो माहितीचा गट: तुम्ही मासिक पाळीवर, रक्तक्षयावर सत्र घेता तसा. तिथे वीस काय, चाळीस जणी बसल्या तरी चालतं, कारण कोणाला स्वतःचं काही उघडं करायचं नसतं. दुसरा समुपदेशनाचा: माणसं धडधाकट आहेत, पण आयुष्यात एक अडचण आलीय, ती पेलायला सोबत हवी. हे मुळात शाळेतून वाढलं. १९०७ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स गावी जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकांनी आठवड्याचा एक तास मुलांच्या वागणुकीवर आणि पुढच्या कामधंद्यावर बोलण्यासाठी राखला होता. तिसरा उपचाराचा गट: आजार आहे, खोल जखम आहे, तिथे शिकलेला माणूसच हवा आणि तो जिल्ह्याच्या दवाखान्यात चालतो. चौथा स्व-मदतीचा, एकाच दुखण्यातल्या माणसांनी स्वतः चालवलेला. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ साली दोन दारूड्यांच्या भेटीतून उभी राहिली, ती या प्रकारची. बचत गटाचं रूप याच्याजवळ जातं, पण त्याचा जीव पैशात असतो, म्हणून तिथल्या बैठकीत असलं बोलणं आणू नका. कर्जाचा हप्ता आणि डोळ्यातलं पाणी एका वहीत बसत नाही.

तुम्ही दुसऱ्या प्रकारात राहा, थोडा चौथ्याचा आधार घ्या. तिसऱ्यात शिरू नका. ज्या बाईला कानात आवाज येतात, जी आत्ता जीव द्यायच्या विचारात आहे, जिचं दुःख अगदी ताजं आहे आणि जिला बसवत-बोलवत नाही, ती गटात नको. याचा अर्थ तिला हाकलायचं असा नाही. तिच्यासोबत दवाखान्यात जायचं, आणि सावरल्यावर तिला वाटलं तर जागा आहे असं सांगायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयातून चालतं. त्यांच्या समुपदेशकांची ओळख करून घ्या, तुमच्या गटप्रवर्तकांच्या (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंच्या) मार्फत गेलात तर सोपं जाईल.

आता गट थोडे दिवस थांबवा. कायमचा बंद करायला सांगत नाही. या दिवसांत एकेकीला एकटं भेटा आणि विचारा, तुला यातून काय हवं आहे. गावातले गट इथेच चुकतात: सरसकट बोलावणं जातं आणि मग सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय एकाच सतरंजीवर येऊन बसतात. सासूसमोर सून काय बोलणार? आणि बोललीच तर घरी गेल्यावर काय होणार? एका घरातल्या दोघी एका गटात नकोत. आठ ते दहा जणी पुरेत. एकदा सुरू झालं की मध्येच नवीन कोणी नाही, 'माझी बहीण आलीय, बसू द्या' तेही नाही. आठ किंवा दहा बैठका ठरवा, दीड तास, आणि शेवटची तारीख आधीच सांगा. संपणार आहे हे माहीत असलं की बाया महत्त्वाचं लवकर बोलतात. पेरणीच्या तोंडाशी सुरू करू नका, निंदणाच्या दिवसांत तर रात्री डोळे मिटतात. कापसाचा शेवटचा वेचा झाल्यावर ते उन्हाळवाही संपेपर्यंतचा काळ बरा.

पहिल्या बैठकीत दुःखाचं काही बोलूच नका, फक्त नियम ठरवा, आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून येऊ द्या. विचारा, "इथलं बाहेर गेलं तर काय होते?" त्यांना माहीत आहे काय होतं, त्यांनी नुकतंच पाहिलंय. मग ठरवा: आपलं स्वतःचं कोणालाही सांगायला मोकळीक, दुसरीचं मात्र नवऱ्यालाही नाही. गिरणीवर, बोरिंगवर, वेचायला गेल्यावर नाव न घेताही नाही, कारण तीनशे घरांच्या गावात नाव न घेतलं तरी कोण ते कळतं. आणि तुम्ही स्वतः एक अपवाद आधीच सांगून ठेवा: कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, दवाखान्याला कळवीन, आणि आधी तुला सांगून कळवीन.

शहरात गटात बसलेली माणसं पुन्हा रस्त्यात भेटत नाहीत, तुमच्याकडे ती सकाळी पाण्यावर भेटतात. त्यामुळे गुप्ततेची शंभर टक्के हमी तुम्ही देऊ शकत नाही आणि देऊही नका. "जे बाहेर गेलं तरी तुले सोसेल, तिथून सुरुवात कर" एवढंच सांगा. पैसे कुठे ठेवले, माहेरी पळून जायचा बेत आहे, अंगावर डाग आहेत, असल्या गोष्टी गटात नकोत. त्या एकटीने तुमच्या कानात.

'कोणाले काय सांगावं समजत नाही' या तुमच्या काळजीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तुम्ही असं धरलंय, की आठ बाया आठ प्रश्न घेऊन येतात आणि तुम्ही आठ उत्तरं द्यायची. मग झोप उडणारच. गटात उत्तर देणं तुमचं काम नाही. बोलणं एकीकडून दुसरीकडे नेऊन पोचवणं हे तुमचं काम आहे. समजा एक म्हणते, "रात्री दोन वाजता डोळा उघडते, मंग छातीत धडधड होते." तुमच्या तोंडावर येईल, 'टेन्शन घेऊ नको, देवाचं नाव घे.' ते गिळा. बाकीच्यांकडे पाहा आणि विचारा, "असं आणखी कोणाले होते?" थोडा वेळ कोणी बोलणार नाही. थांबा, ती शांतता भरून काढू नका. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणेल, "मले बी होते वं. मी तर उठून भांडे घासत बसतो." पहिली तिच्याकडे वळून पाहील. तिला वाटत होतं की आपल्यातच काहीतरी मोडलंय, आणि इथे दुसरी तेच सांगते आहे. तुम्ही दुसरीला एवढंच विचारा, "भांडे घासल्यानं बरं वाटते काय?" आता ती मदत मागणारी राहिली नाही, मदत करणारी झाली.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इर्विन यालोम यांनी गटाने माणूस का सावरतो याची अकरा कारणं मांडली आहेत. त्यातली तीन तुम्ही या एवढ्या बोलण्यात पाहिलीत: हे फक्त माझंच नाही ही जाणीव, दुसरी सावरतेय तर मीही सावरेन ही आशा, आणि मी कोणाच्या तरी उपयोगी पडले हे समाधान. तिसरं मला फार मोलाचं वाटतं. वर्षानुवर्षं 'तुझा काही उपयोग नाही' हेच ऐकलेल्या बाईला हे कोणत्याही गोळीतून मिळत नाही. रडून मोकळं होणं हेही त्या अकरांत आहे, पण ते एकटं पुरत नाही. नुसती रडारड झाली आणि त्यावर कोणी काही बोललंच नाही, तर बाई घरी जाताना आणखी उघडी पडल्यासारखी होते. म्हणून शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकीला विचारा, आज काय घेऊन चाललीस. जी जास्त बोलली तिला आवर्जून विचारा.

जी सगळा वेळ बोलते तिला गप्प करू नका, तिचं बोलणं वाटून द्या: "तुह्यं समजलं, आता हिचं ऐकू." आणि जी तोंड उघडत नाही तिला टोचू नका. ती दर गुरुवारी दिवसभराचं काम आटोपून येते, येत राहते. तिला काही मिळत नसतं तर ती आली नसती. ऐकून शिकणं हीसुद्धा गटातून सावरण्याची एक वाट आहे. बैठक सुटल्यावर एखादे वेळी सोबत चालत जा आणि बसायला बरं वाटतं का तेवढं विचारा.

आता दीर, भांडण, गावातली कुजबुज. ब्रूस टकमन या अभ्यासकाने १९६५ साली गटांवरचे पुष्कळसे अभ्यास एकत्र वाचून मांडलं, की गट जमतो, मग त्यात वादळ येतं, मग रीत बसते आणि त्यानंतर खरं काम सुरू होतं. बरेच गट वादळातच मोडतात आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण नालायक. तुमच्याकडे वादळ बाहेरूनही आलं, त्यावर मला दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण आठवतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफिल्डच्या लष्करी इस्पितळात मनाने खचलेले सैनिक खूप आणि डॉक्टर थोडे होते. तिथले डॉक्टर विल्फ्रेड बायन यांनी सैनिकांचे गट करून त्यांनाच आपले प्रश्न सोडवायला लावलं. कल्पना चांगली होती, पण इस्पितळाच्या वरिष्ठांना तो सगळा गोंधळ वाटला आणि सहा आठवड्यांत प्रयोग बंद झाला. पुढे त्याच इस्पितळात फुक्स आणि इतर डॉक्टरांनी गटाचं काम पुन्हा उभं केलं, या वेळी सगळ्या इस्पितळाला बरोबर घेऊन, आणि ते टिकलं. तुमचा गटही गावाला न सांगता वाढला. रात्री बाया दार लावून काय बोलतात हे कळत नसलं की पुरुषांच्या मनात नाना गोष्टी येतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना लेखी कळवा, सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटून सांगा, की बायांच्या मनाच्या आरोग्याची बैठक आहे. काय बोलतात ते सांगायचं नाही, काय चालतं तेवढं सांगायचं. वेळही बदला, रात्रीऐवजी दुपारची ठेवा.

घरच्यांसाठी एक वेगळी बैठक घ्याच. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहायला लावलं आणि रुग्ण-नातेवाईक यांना एकत्र बसवून आजार समजावून दिला. घरच्यांनी डोळ्यांनी सुधारणा पाहिली, भीती गेली, माणसं घरी परत गेली. तुम्ही तंबू टाकायची गरज नाही. सासवांना एक दुपार चहाला बोलवा, दवाखान्याच्या समुपदेशकांना आणा, आणि झोप न येणं, उदास राहणं, दारू यांवर बोलू द्या. ती बैठक माहितीची राहील, कोणाच्या घरातलं काही निघणार नाही. त्या सासवांमध्येही रात्री दोनला जागणाऱ्या असतील, हे विसरू नका.

भजनी मंडळाची सूचना हसण्यावारी नेऊ नका. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्याकडे गावोगावी चालते. संध्याकाळी एकत्र बसणं, एका सुरात म्हणणं, याने एकटेपण कमी होतं हे मी मानते. ज्यांना ते हवं त्यांना मिळावं. पण प्रार्थनेत 'मला मार पडतो' असं म्हणायची जागा नसते, त्यामुळे एकाचं काम दुसरं करणार नाही. आणि तुमच्या गटात बौद्ध, बंजारा, कोलाम, मुसलमान बाया असतील तर बैठकीची सुरुवात एका धर्माच्या भजनाने करू नका, दोन मिनिटं शांत बसलात तरी पुरे. खोली कोणत्या वस्तीत आहे याकडेही लक्ष द्या. काही बायांचे पाय काही गल्ल्यांत वळत नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत हे त्या कधी सांगत नाहीत.

तुमच्या झोपेचं राहिलं. हे एकटीने चालवू नका. अंगणवाडी सेविका किंवा बचत गटांचं काम पाहणाऱ्या 'उमेद' अभियानाच्या सीआरपी ताई, जी पोटात ठेवू शकेल अशी एक जोडीला घ्या. एक बोलेल तेव्हा दुसरी चेहरे पाहील. बैठक सुटली की लगेच घरी जाऊ नका, दोघी पंधरा मिनिटं बसा: आज कोणती गोष्ट आपल्याला लागली, कोणाकडे लक्ष ठेवायला हवं. महिन्यातून एकदा समुपदेशकांना फोन करून अडलेलं विचारा. तुमच्या स्वतःच्या घरचं दुखणं गटातल्या एखाद्या बाईसारखंच असेल तर त्या दिवशी जोडीदारणीला पुढे बसवा. आणि झोप न येणं तसंच लांबलं तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

यजमानांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांची भीती खोटी नाही, दारात येऊन माणूस ओरडला आहे. त्यांना सांगा की रात्रीची बैठक बंद होतेय, डॉक्टरांना लेखी जातंय आणि तुम्ही एकट्या नसाल. दिराशी दारात वाद घालायचा नाही, पुन्हा आला तर पोलीस पाटलांसमोर बोलायचं.

ज्या बाईचं बाहेर गेलं, तिला नव्या गटाचं आमंत्रण सगळ्यात आधी द्या. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नका, गृहभेट मात्र चालू ठेवा. आणि जिने बाहेर सांगितलं ती कोण हे तुम्हाला बहुधा माहीत आहे. तिला सगळ्यांसमोर उभं करू नका. एकटी भेटून विचारा, तिच्याकडून ते का सांगितलं गेलं. पुष्कळदा ऐकलेलं पेललं नाही म्हणून माणूस दुसऱ्याजवळ उतरवतो. तसं असेल तर या वेळी तिला गटात घेऊ नका, तिचं ऐकून घ्यायला तुम्ही किंवा समुपदेशक वेगळा वेळ द्या.